रंभाजीच्या पाच सफरी

खर्डा, ता. जामखेड
४ जुलै २०२४

चि. संस्कृती,

आशीर्वाद. तुमच्या पिढीला नको असतील तर पुढच्या टपालानं परत कर, मी दुसऱ्या कुणाला देईन.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन कानाला लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. त्या शिट्टीपलीकडून तुझं 'हॅलो' तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं माझ्या मनाचं. तुझा बाप आदिनाथ माझा चुलतभाऊ, त्याच्याकडून पत्ता घेतला. तो म्हणाला, तू दिल्लीत जुन्या सरकारी कागदांच्या कचेरीत दिवसभर बसतेस आणि त्यावर डॉक्टर होणार आहेस. छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, पण कागद वाचून डॉक्टर होणारी तू पहिलीच.

तर डॉक्टरीणबाई, काम आहे. आमच्या ग्रामपंचायतीनं ठरवलंय की किल्ल्याच्या रस्त्याला एक दगड उभा करायचा आणि गावातून लढाईत जाऊन परत न आलेल्यांची नावं त्यावर कोरायची. २६ जानेवारीला उद्‌घाटन. ग्रामसभेत यादी वाचली, तेव्हा मी उठून माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. शिपाई रंभाजी येसू सुरवसे. म्हणजे तुझे चुलत आजोबा. तुझे आजोबा कारभारी त्यांचे धाकटे भाऊ.

छगनराव लगेच उठला. त्याचा बाप गावचा पाटील होता. म्हणाला, "बाई, ह्यो दगड मेलेल्यांचा हाय, पळालेल्यांचा न्हाई. रंभाजीनं तिकडं बसऱ्याला दुसरी केली. जामखेडच्या कचेरीतनं समन्स आलं हुतं, त्याच्यावर त्याच्या बायकूचं म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव हुतं. माझ्या बापानं डोळ्यानं बघितलं." मी विचारलं, काय नाव होतं? म्हणाला, "ते आता कुणाच्या ध्यानात ऱ्हातं?"

हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण पाठीमागून. तोंडावर कुणी पहिल्यांदा बोललं. मी सरपंचांना म्हटलं, २६ जानेवारीपर्यंत माझ्या बापाची जागा रिकामी ठेवा, मी कागद आणते. बोलून तर बसले.

मला ठाऊक आहे ते एवढंच. ते १९४० साली दिवाळीनंतर नगरला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. मधे एकदा घरी येऊन गेले. पुन्हा निघाले तेव्हा मी आईच्या पोटात होते. माझा जन्म ऑगस्ट १९४२ चा. त्यांची तीन कार्डं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली, शेवटचं १९४३ च्या दिवाळीचं. तिन्ही त्यांच्या आईच्या नावानं. 'घरातील सर्वांस नमस्कार' यातच माझी आई बसवलेली.

ते कुठं गेले, जगले की मेले, आम्हाला सोडून गेले की काय, एवढं शोध. आणि संस्कृती, मी झाल्याचं त्यांना कळलं होतं का, तेही कुठं दिसलं तर बघ. या वयात असलं विचारायची लाज वाटते, पण विचारते.

तुझी,
गोजरआत्या


दिल्ली
२ ऑगस्ट २०२४

ती. गोजरआत्या,

आशीर्वाद परत करत नाही, ठेवून घेतले. इथे फार उपयोगी पडतात. इथे पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. चिठ्ठी भरून फाईल मागायची आणि दोन दिवस थांबायचं. मग फाईल येते तरी, नाहीतर 'सापडत नाही' असा शेरा येतो. पहिले दहा दिवस मला नुसते शेरेच मिळाले. शिवाय तुमच्या काळी नाव ठेवताना काही विचार करत होतात का? एका पलटणीत मला अकरा रंभाजी सापडले.

पण आपला सापडला! सैनिक जहाजावर चढताना नावांची यादी करत. युद्धाच्या काळात जहाजाचं नाव कागदावर लिहीत नसत, नुसतं एक अक्षर नि आकडा. अशा एका यादीत आहे: रंभाजी येसू, खर्डा, जिल्हा नगर. एप्रिल १९४१, मुंबईहून बसरा. यादीच्या कागदाला गंजलेली टाचणी होती. ती निघेना, तेव्हा तिथल्या काकांनी ती इतक्या जपून काढली की मी त्यांना चहा पाजला.

पलटणीची रोजनिशी आहे, त्यात त्या सफरीबद्दल एक साहेब लिहितो की दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि पाचशे जणांपैकी स्वतःच्या पायावर उभे असलेले जेमतेम साठ उरले. चौथ्या दिवशी लोकांनी भाकरीचं पीठ मागितलं, तेव्हा साहेबाच्या जिवात जीव आला. मी ते वाचून एकटीच हसले आणि समोरच्या बाईनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

दुसरी सफर ऑक्टोबर १९४१ ची, बसऱ्याहून मुंबईला परत. शेरा: 'हिवताप, अशक्त, दोन महिने रजा.' म्हणजे तेव्हाच ते घरी आले होते. तुझा जन्म ऑगस्टचा, हिशोब बरोबर लागतो. (हे वाक्य आत्याला लिहावं की नाही, यावर मी अर्धा तास घालवला.)

तिसरी मार्च १९४२, पुन्हा बसरा. पुढचं शोधतेय. खर्ड्यात ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी बातमी होते, आणि आपला माणूस तीनदा समुद्र ओलांडून गेला!

तुझी,
संस्कृती


खर्डा
२० ऑगस्ट २०२४

चि. संस्कृती,

तुझं पत्र सात वेळा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चौदा. बाकीच्या पाच वेळा नुसतंच.

काल नारळी पौर्णिमा झाली, म्हणून तुला एक सांगते. वडिलांच्या पहिल्या कार्डात होतं, 'मुंबईस असे ऐकले की नारळी पौर्णिमेस कोळी लोक समुद्रास नारळ देतात व समुद्र शांत होतो.' बस. माझ्या आईनं, कलाबाईनं, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण त्या वर्षापासून दर नारळी पौर्णिमेला ती आमच्या ओढ्यात नारळ सोडायची. तिचं म्हणणं, "पानी पान्याला सांगतं." खालच्या अंगाला पोरं टपून बसलेली असायची, नारळ वाकणावर आला की फोडून खायची. मीही त्यांच्यात असायचे. ५६ वर्षं तिनं नारळ सोडला. १९९७ साली गेली, ती कपाळाला कुंकू लावून. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, गावच्या सवाष्णींनी ओटी भरली. आणि त्याच बायका परत जाताना कुजबुजल्या, नवरा कुठं नि हिचं कुंकू कुठं.

त्या दिवशी मला वडिलांचा फार राग आला होता. मेला असशील तर तसं कळव, आणि जिवंत असशील तर थू तुझ्यावर, असं मी मनात म्हटलं होतं. तेव्हा काय सापडेल ते सापडो, पण मला सगळं पाठव. गोड असो, कडू असो, समजो न समजो. प्रत्येक चिटोऱ्याची झेरॉक्स.

आजीकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून, ठकूबाईकडून, कधी काही कळलं नाही. घरात वडिलांचं नाव काढायची सोय नव्हती. बाई फार कडक. सर्वपित्री अमावस्येला पितरांची पानं वाढायची, ती आमच्या घरी मोजून सात. आजी आठवं मांडायची. मी विचारलं, "हे कुणाचं गं?" तर म्हणे, "वाटसरूचं. तू खीर आन." एवढाच काय तो तिचा मायाळूपणा. तोसुद्धा वाटसरूसाठी.

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात जामखेडला आहे. काळजी करू नकोस, लिहिण्यात खंड पडला तर तेच कारण समज.

तुझी,
आत्या


दिल्ली
११ ऑक्टोबर २०२४

ती. गोजरआत्या,

डोळा बरा असेल. बाबांनी सांगितलं, पट्टी काढली.

सापडलं. मी हे कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

चौथी सफर सप्टेंबर १९४३ ची, इजिप्तमधून इटलीतल्या टारांटो बंदराला. पाचवी जानेवारी १९४४ ची. इटलीत थंडीपावसात छातीला कफ झाला, म्हणून इस्पितळी जहाजानं त्यांना इजिप्तला परत नेत होते. ११ जानेवारी १९४४, पहाटे साडेपाच वाजता न्यूमोनियानं त्यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी समुद्रात अंत्यविधी. कोणत्या अक्षांश-रेखांशावर ते अंशापर्यंत लिहिलंय. 'त्यांच्या धर्माच्या दोन सैनिकांनी मंत्र म्हटले,' असंही लिहिलंय.

ते पळाले नव्हते, आत्या. ते घरी यायच्या दिशेनं निघाले होते.

दाखल्याची शिक्क्याची प्रत सोबत आहे, ती ग्रामसभेला दाखव. बाकी कागद फारसे महत्त्वाचे नाहीत, अस्पष्टही आहेत. एक मोडीतलं पान फाईलला लावलेलं होतं, जामखेडच्या मामलेदाराचा शिक्का दिसतोय. काहीतरी महसुली असावं. मला मोडी येत नाही. तू सगळं पाठव म्हणालीस, म्हणून तेही पाठवते.

तुझी,
संस्कृती


खर्डा
२१ ऑक्टोबर २०२४

चि. संस्कृती,

दाखला मिळाला. वाचून झाल्यावर मी अंघोळ केली. ऐंशी वर्षांनी सुतक आलं, तर एवढं तरी करावं. मग त्यांच्या कार्डांजवळ बसून पोटभर रडले. वडिलांसाठी मी याआधी कधी रडले नव्हते. रागावलेल्या माणसाला रडता येत नाही. १९९७ साली मनात जे बोलले, त्याची माफी मागितली.

सरपंचांना कागद दाखवला. त्यांनी नाव लिहून घेतलं. दगडाचं काम झालं. छगनराव मात्र म्हणाला, "मेला आसंल, न्हाई म्हनत न्हाई. पर समन्सावरची बाई कोन, ते सांगा."

आता तुझ्याकडे वळते. आधीचं पत्र तीन पानी, टाचणीपासून चहापर्यंत. हे पत्र एक पानी, आणि त्यात 'बाकी कागद फारसे महत्त्वाचे नाहीत.' तू कधीपासून कागदाला बिनमहत्त्वाचा म्हणायला लागलीस? पाटी फोडून मागे लपवलेलं पोर कसं उभं राहतं ते मी छत्तीस वर्षं पाहिलंय. तू तशी उभी आहेस. पाटी पुढं कर.

आणि इतिहासाची डॉक्टरीण असून मोडी येत नाही? कमाल आहे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला एक म्हातारे गुरुजी हौसेनं शिकवत. अर्धं विसरले असेन, पण नव्या डोळ्यानं प्रयत्न करते. रोज दोन ओळी.

आत्या


दिल्ली
४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

पाटी पुढं करते. रागावू नकोस.

भरतीच्या वेळी प्रत्येक शिपायाच्या नातेवाइकांचा तक्ता भरत. नोव्हेंबर १९४०. आई ठकूबाई, भाऊ कारभारी. पत्नी: गोदावरी, वय १७.

कलाबाई नाही, आत्या. गोदावरी. मी तक्त्याचा नंबर चारदा तपासला, दुसऱ्या कुणा रंभाजीचा असेल म्हणून. आपलाच आहे. म्हणजे छगनराव म्हणतात ते खरं. बसऱ्याला नव्हे, तर जायच्या आधीच त्यांची दुसरी कुणीतरी बायको होती आणि सरकारदरबारी त्यांनी तिचं नाव दिलं. कलाआजीचं दिलं नाही.

तू ५६ वर्षांच्या नारळांबद्दल लिहिलं होतंस. ते वाचल्यावर हा कागद तुला पाठवायचा धीर मला झाला नाही. वाटलं, ते समुद्रात गेले एवढं कळलं तरी पुरे आहे. गोदावरी कोण, हे कुणाला कळलं नाही तर काय बिघडतं? मी इतिहास शिकते आणि मीच कागद लपवला. तुझी माफी मागते.

संस्कृती


खर्डा
१४ नोव्हेंबर २०२४

माझ्या वेड्या पोरी,

गोदावरी माझी आई.

तुला कोण सांगणार म्हणा. तुमच्यात आता लग्नात नाव बदलत नाहीत, आणि ते बरंच आहे. आमच्यात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि त्या घटकेपासून माहेरचं नाव बंद. आई पुणतांब्याची, गोदावरीच्या काठची. म्हणून तिचं नाव गोदावरी. सासरी आली आणि कलाबाई झाली. मामा वर्षा-दोन वर्षांनी यायचा तेव्हा तेवढी "गोदे" अशी हाक ऐकू यायची. मामा गेला आणि ते नावही गेलं. खर्ड्यात ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पुणतांबं तेव्हा बैलगाडीनं चार दिवस.

मी ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी आईनं एकदाच सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकटे सापडले, तेव्हा वडिलांनी विचारलं, "तुझं खरं नाव काय?" तिनं सांगितलं. मग कुणी जवळ नसलं की ते तिला गोदाच म्हणायचे. तीन कार्डांत त्यांनी तिचा उल्लेख केला नाही, आईच्या कार्डात बायकोला कोण नमस्कार लिहितं? पण सरकारनं विचारलं तेव्हा त्यांनी खरं नाव सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी मोडीतलं पान वाचून संपवलं होतं. म्हणजे तू जे लपवलंस, ते तूच मला पाठवून दिलं होतंस. घे, वाच. मी बाळबोधीत उतरवलंय.

'जबाब लिहून देणार ठकूबाई, नवरा येसू सुरवसे, वय अजमासे पंचेचाळीस, राहणार खर्डे. मुलगा रंभाजी फौजेत होता तो जहाजावर मयत झाल्याचे आज कचेरीत वाचून दाखविले, ते समजले. गोदावरी नावाची बाई आमचे घरात नाही व नव्हती. जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ता. ९ जून १९४४.'

समन्स निघालं होतं गोदावरीच्या नावानं, पेन्शनीच्या चौकशीसाठी. आजीनं पाटलाला सांगितलं असणार, म्या जाते. आत कारकुनानं तिला मुलगा मेल्याचं वाचून दाखवलं आणि तिनं तिथल्या तिथं अंगठा दिला. बाहेर पाटलाला ठाऊक होतं ते एवढंच, की समन्सावर दुसऱ्या बाईचं नाव आहे. गावातली ती कुजबूज आमच्याच घरातून निघाली होती, संस्कृती.

तिला सुनेचं माहेरचं नाव माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. पुणतांब्याला जाऊन मुलगी तिनंच पसंत केली होती.

मी तीन दिवस तिच्या फोटोकडे पाठ करून बसले. माझ्या आईला तिनं ५३ वर्षं एका मेलेल्या माणसाची वाट बघायला लावली. माझ्या वडिलांना पळपुटा होऊ दिलं. कुणाच्या परवानगीनं?

चौथ्या दिवशी मला एकदम कळलं. आईचं वय तेव्हा एकवीस आणि मी दोन वर्षांची नव्हते. बातमी घरात आली असती तर मामा दिवसांना आला असता आणि बहिणीला घेऊन गेला असता. वर्षभरात तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावला असता. आपल्यात तेव्हा पाट लागायचा, पण पहिल्या घरचं मूल पहिल्या घरी राहायचं. म्हणजे मी खर्ड्यात आणि आई दुसऱ्याच्या घरी. आजीनं मुलगा गमावला त्या घटकेला सून आणि नात एकमेकींपाशी ठेवली. चांगलं केलं का? मला सांगता येत नाही. आईचं दुसरं आयुष्य झालं असतं, चार मुलं झाली असती, कपाळाला खरं कुंकू असतं. पण मला आई राहिली नसती. ज्या खोट्यावर मी वाढले, त्या खोट्याला शिव्या कशा देऊ? आणि ते खोटं बोलल्यावर आजीला मोठ्यानं रडताही आलं नाही.

आठवं पान वाटसरूचं नव्हतं गं.

आणखी एक. माझी आई प्रत्येक गोष्टीची चौकशी करणारी बाई, भाजीला मीठ कुणी घातलं हेसुद्धा विचारायची. आठव्या पानाबद्दल तिनं कधीही विचारलं नाही. खीर मात्र त्या पानावर तीच जास्त वाढायची.

तुझी,
आत्या


दिल्ली
१३ जानेवारी २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी कचेरीच्या पायरीवर बसून रडले. टाचणीवाल्या काकांनी या वेळी मला चहा पाजला.

मग परत तोच तक्ता मागवला. 'सापडत नाही', 'दुसऱ्याकडे आहे', असं करत शेवटी परवा हातात आला. पहिल्यांदा मी गोदावरी हे नाव वाचूनच इतकी घाबरले होते की कागद उलटून पाहिला नव्हता. कागद नेहमी उलटून पाहायचा असतो हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

मागच्या बाजूला, वेगळ्या शाईत, डिसेंबर १९४२ ची भर आहे. 'मुलगी एक. नाव गोजर. आईचे नाव गोदावरी.'

त्यांना कळलं होतं, आत्या. मध्यपूर्वेत कुठेतरी छावणीत रांगेत उभं राहून त्यांनी तुझं नाव लिहून घ्यायला लावलं. झेरॉक्स सोबत आहे.

२६ तारखेला मला येता येत नाही, गाईडनं प्रकरण मागितलंय. पण ऐंशी वर्षांपूर्वी जो कागद घरी पोचायला हवा होता तो पोचला नाही, हे मला सहन होत नाही. म्हणून एक वेगळं पाकीट रजिस्टरनं पाठवणार आहे. मी चुकीचा पत्ता लिहिलाय असं समजू नकोस. पुढचं तू बघ.

तुझी,
संस्कृती


खर्डा
३० जानेवारी २०२५

चि. संस्कृती,

झेरॉक्स मिळाली. 'नाव गोजर.' बावीस वर्षं हजेरी घेताना मी दुसऱ्यांची नावं पुकारली, पुढची चौदा मुख्याध्यापक म्हणून सह्या केल्या, पण माझं नाव एवढं चांगलं दिसतं हे ठाऊक नव्हतं. तो कागद देव्हाऱ्यात ठेवलाय, कार्डांच्या शेजारी.

दगड उभा राहिला. नऊ नावं आहेत, वडिलांचं सहावं. बाकीच्यांपुढे गावांची नि आघाड्यांची नावं आहेत, यांच्यापुढे फक्त 'समुद्रात'. पाथरवटानं विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, पुरे.

छगनराव आला होता, काठी टेकत. त्याला मी जबाब वाचून दाखवला, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. गोदावरी कोण तेही सांगितलं. मग म्हणाला, "माझ्या बापानं वाचलं ते खरं हुतं, गोजरे. पर अर्धंच वाचलं. आन म्या तेवढ्यावर जलमभर बोलत ऱ्हायलो." दगडाला हार घालायची वेळ आली तेव्हा तो मागे सरकला आणि मला पुढं केलं. मी त्याच्यावरचा राग सोडून दिला. राग धरायला आता वय राहिलं नाही, त्याचं आणि माझंही.

आजीचा फोटो पुन्हा सरळ लावलाय. येत्या सर्वपित्रीला आठवं पान मांडीन आणि नाव घेऊन मांडीन. नववं तिचं.

तुझं पाकीट काल आलं. आमच्याकडे टपाल आता मोनिका आणते, माझीच विद्यार्थिनी, दुसरीत पाढे चुकायची. दारात उभी राहून पाकीट उलटंसुलटं बघत होती. म्हणाली, "बाई, पत्ता तुमच्याच घरचा हाय, पर नाव वेगळंच हाय. श्रीमती गोदावरी रंभाजी सुरवसे. आसं कोन ऱ्हातं का हितं? नसंल तर 'या नावाचं कुनी न्हाई' आसं लिहून परत लावते."

माझ्या कानातलं यंत्र त्या वेळी जागेवर नव्हतं, पण तिच्या ओठांवरचं सगळं, ते नावसुद्धा, मी बरोबर वाचलं.

मी म्हणाले, "हाय. ह्याच घरात हाय. दे हिकडं."

आणि सही केली.

तुझी,
गोजरआत्या